माणसांकडून काम करून घेताना: गोव्यातल्या छोट्या धंदेवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं. मी फोंडा तालुक्यात काजूचं युनिट चालवते, कायमची २२ माणसं आहेत, बियांच्या सीझनला तीसपर्यंत जातात. त्याआधी ९ वर्षं वेर्ण्याला एका कंपनीत पॅकिंग लाइनवर सुपरवायझर होते. कुंडई, मडकई, बेतोड्याचे युनिटवाले, म्हापशाचे दुकानदार, हल्ली किनाऱ्याकडचे गेस्ट हाऊसवाले पण फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा बसून नीट लिहून काढलं. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: डायरेक्टिंग म्हणजे नेमकं काय? ऑर्डर सोडणं का?

बारावी कॉमर्सला मॅनेजमेंटची कामं शिकवतात ना, प्लॅनिंग, ऑर्गनायझिंग, स्टाफिंग, डायरेक्टिंग, कंट्रोलिंग, त्यातलं चौथं. मराठी पुस्तकात निर्देशन म्हणतात. त्याच्या पोटात चार गोष्टी येतात, देखरेख, प्रेरणा, नेतृत्व नी संवाद. पहिली तीन कामं तुम्ही घरी वही घेऊन करू शकता, किती माल काढायचा, कोण कुठे बसणार, किती माणसं लागणार. डायरेक्टिंगला मात्र समोर माणूस लागतो, नी माणूस आला की त्याची भाषा, त्याचा मूड, सकाळी घरात काय भांडण झालं, ते सगळं आलं.

मला विचाराल तर या चारातला संवाद आधी धरा. माझ्याकडे "आमच्या माणसांना मोटिव्हेशनच नाही हो" म्हणत जे येतात त्यांच्याकडे जाऊन बघितलं की बहुतेक ठिकाणी माणसं काम करायला तयार असतात, पण आज नेमकं काय करायचंय हेच त्यांना धड कोणी सांगितलेलं नसतं.

प्रश्न: मी दहादा सांगतो तरी काम वेगळंच होतं. लोक ऐकतच नाहीत का?

ऐकतात. कसं ते सांगते.

काजूगराचे ग्रेड असतात. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. म्हणजे नंबर जितका लहान तितका गर मोठा. जुन्या माणसाच्या हे अंगवळणी पडलेलं असतं, नव्याला उलटंच वाटतं. तीन वर्षांपूर्वी झारखंडचा एक मुलगा ग्रेडिंगला नवीन लागला होता, मी घाईत जाता जाता त्याला म्हटलं, "मोठावाला अलग निकालो, आज वही जाएगा." त्याने मान हलवली. दुपारी टिनाला झाकण लावायच्या आधी आमच्या ग्रेडिंगच्या मावशीने सवयीने मूठभर गर तळहातावर घेतले, बोटाने जरा पसरले नी मला हाक मारली, "बाय, हें पळय" (हे बघ). टिन ३२० ने भरलेला. पोराने मोठा नंबर वेगळा काढला होता. असे चार टिन, एका टिनात ११.३४ किलो, ते सगळं परत परातीत ओतून आम्ही सहा जणी-जणं संध्याकाळी साडेसातपर्यंत निवडत बसलो, नी शेवटची बस चुकली म्हणून दोघींना मी गाडीने घरी सोडलं.

त्या पोराने माझं न ऐकता काही केलं नव्हतं, त्याने माझा शब्द न् शब्द ऐकला होता. माझ्या डोक्यात "मोठा" म्हणजे गर होता, त्याच्या डोक्यात नंबर, नी मी पाच सेकंद थांबून विचारलं असतं तर तिथेच कळलं असतं.

तेव्हापासून मी "समजलं का?" हा प्रश्न टाकून दिला. कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "जाता मॅडम" (होईल मॅडम) नाहीतर "हां जी". मालकाला "नाही समजलं" म्हणायला फार धीर लागतो हो, पहिल्या आठवड्यात तर कोणीच म्हणणार नाही. त्याऐवजी मी म्हणते, "मी घाईत सांगितलं, काही राहिलं का बघूया, आता तू कुठून सुरू करणार ते मला सांग." म्हणजे परीक्षा त्याची राहत नाही, माझ्या सांगण्याची होते, नी तो बोलायला लागला की दोन वाक्यांत कळतं काय पोचलं नी काय नाही.

सांगताना काय काय सांगायचं? काय करायचं, किती, कधीपर्यंत, चांगलं झालंय हे कशावरून ओळखायचं, नी अडलं तर कोणाला विचारायचं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात नी मग अडलेला माणूस एकतर हात बांधून बसतो नाहीतर स्वतःच्या मनाने काहीतरी करतो. नी जमलं तर कशासाठी तेपण सांगा. "हे आधी संपव" पेक्षा "हे आधी संपव, रात्रीच्या गाडीने माल जायचाय" असं सांगितलेलं माणूस वेगळ्या तऱ्हेने करतो, तुम्ही करून बघा.

आता आमच्या ग्रेडिंगच्या टेबलावर छोट्या पारदर्शक डब्या ठेवल्यात, प्रत्येकीत त्या त्या ग्रेडचे दहा गर. नव्या माणसाला नंबर पाठ करायला लागत नाही, डबी उचलायची नी बघायचं. दर पंधरवड्याला गर बदलायचे, नाहीतर काळपट पडतात नी मग नमुनाच चुकीचा.

प्रश्न: सूचना कुठच्या भाषेत द्यायच्या? आमच्याकडे चार भाषा आहेत.

सगळ्यांकडेच आहेत. आमच्या फोडणीच्या, म्हणजे काजूबी फोडणाऱ्या बायका बोलतात कोकणी पण वाचतात मराठी, कारण शाळा मराठी झाली नी घरात पेपर येतो तो मराठी. एक दोघं कॅथलिक आहेत ती रोमी (रोमन लिपीतली) कोकणी नाहीतर इंग्लिश वाचतात. ओव्हनवरचे दोघे कर्नाटकातले, घरात कन्नड, बाहेर हिंदी. लोडिंगची पोरं झारखंड-ओडिशाची.

तोंडी सांगताना समोरच्याला जी भाषा सोपी ती, तुमची मोडकी असली तरी चालते, उलट तुम्ही प्रयत्न करताय हे त्याला दिसतं. आमच्या ओव्हनवाल्यासाठी मी कन्नडातले वीस-पंचवीस शब्द शिकले, गरम, थंड, बंद कर, थांब, हात सांभाळ, एवढेच. सेफ्टीची गोष्ट मात्र भाषेवर सोडू नका, ती चित्राने दाखवा. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, ते वाचून कळण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, फोडणीच्या टेबलावर ग्लोव्हज घातलेल्या हाताचा मोठा फोटो लावा. नी दुभाषा म्हणून नेहमी एकाच माणसाला वापरू नका, तो हळूहळू छोटा मालक होऊन बसतो नी तुमच्या नावावर स्वतःच्या ऑर्डरी देतो, हे मी दोन ठिकाणी बघितलंय.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगितलं की झालं ना?

उद्या लाइट नाही, सुट्टी कधी, पगार जमा झाला, अशा सगळ्यांसाठीच्या माहितीला ग्रुप चांगला. काम सांगायला नको. ग्रुपवर "कोणीतरी गोडाऊन साफ करा" टाकलं की १८ जणं बघतात नी गोडाऊन तसंच राहतं, कारण "कोणीतरी" कामाला आलेलाच नसतो. काम माणसाचं नाव घेऊन त्या माणसालाच सांगायचं. वाचायला अडचण असणाऱ्यांना व्हॉइस मेसेज बरा पडतो, पण तीस सेकंदांच्या वर नको.

नी ग्रुपवर कोणाला ओरडायचं नाही म्हणजे नाही. खराब कामाचा फोटो टाकून "हे कोणी केलं?" विचारणारे मालक मला माहीत आहेत. तो फोटो त्या माणसाच्या घरी बायको बघते, शेजारी बघतो. रात्री आठनंतर मेसेज टाकायची सवय पण मोडा, आग लागली तर फोन करा.

प्रश्न: आमच्या दुकानात मी सांगतो एक नी वडील सांगतात दुसरं. नोकर गोंधळतात. काय करायचं?

हा प्रश्न गोव्यात सगळ्यात जास्त येतो, कारण आपले धंदे घरचे. सासरे, नवरा, दीर, कधी कधी घरातली आजी पण दुकानात येऊन "तें दवर (ठेव), हें कर" सांगून जाते.

हेन्री फेयॉल नावाचा फ्रेंच मायनिंग इंजिनियर होता, १८८८ पासून ३० वर्षं एका खाण कंपनीचा प्रमुख, तो बुडत चाललेल्या कंपनीला वर घेऊन आला नी १९१६ मध्ये त्याने व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मांडली. त्यातलं एक म्हणजे एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून आदेश. शंभराच्या वर वर्षं झाली, ते अजून खरंय. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या की नोकर काय करतो? ज्याची भीती जास्त त्याचं करतो, नाहीतर दोघांपैकी कोण दिसतंय ते बघून करतो, नी काही हुशार जण एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जाऊन हो मिळवून आणतात.

उपाय घरात करायचा, दुकानात नाही. वडिलांशी बसून वाटणी करा, खरेदी नी हिशोब त्यांचा, स्टाफ नी काउंटर तुमचा, किंवा उलटं. मग ती वाटणी नोकरांसमोर वडिलांनीच स्वतःच्या तोंडाने सांगायची, हे महत्त्वाचं, तुम्ही सांगितलंत तर ती बंडाळी वाटते. नी त्यांनी सवयीने काही सांगितलंच तर नोकराने "हो काका, दादाला सांगून करतो" एवढंच म्हणायचं, हे वाक्य त्याला आधी देऊन ठेवा, बिचारा मध्ये अडकतो. आमच्याकडे हे बसायला वर्ष गेलं. सासरे अजून रोज सकाळी युनिटला येतात, सगळ्यांची चौकशी करतात, कोणाची आवय (आई) आजारी, कोणाच्या पोराला दहावीला किती पडले, नी ते काम मला त्यांच्याइतकं कधीच जमणार नाही.

प्रश्न: पगार वाढवला, दोन महिने बरं चाललं, परत पहिल्यासारखं. मग पैसे देऊन उपयोग काय?

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने नी त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्गला दोनशेच्या वर इंजिनियर नी अकाउंटंट लोकांना विचारलं होतं, कामावर तुम्हाला खूप चांगलं कधी वाटलं नी खूप वाईट कधी. १९५९ मध्ये ते छापून आलं. त्यात दिसलं की वाईट वाटायची कारणं वेगळी नी चांगलं वाटायची वेगळी. पगार, साहेबाचं वागणं, कंपनीचे नियम, कामाची जागा, ही नीट नसली तर माणूस वैतागतो, पण नीट केली तर वैताग जातो, एवढंच, त्याने उत्साह येतोच असं नाही. उत्साह येतो तो काम जमल्याने, कोणीतरी ओळखल्याने, जबाबदारी मिळाल्याने, पुढे जायला वाट दिसल्याने.

यावर पुढे टीका पण झाली, नी इंजिनियर-अकाउंटंटचं फोडणीवाल्या बाईला तसंच्या तसं लागू करू नये हे मलाही पटतं. ज्याचं महिनाअखेरीला भागत नाही त्याला पैसाच लागतो, त्याला जबाबदारीचं भाषण देऊ नका, मला त्याचा राग येतो. पण क्रम मात्र बरोबर वाटतो. आधी वैताग काढा. पगार वेळेवर, कायद्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो तो खरोखर द्या. बायकांसाठी आतून कडी लागणारा, पाणी येणारा संडास. मे महिन्यात चालणारा पंखा. ओव्हरटाइम लिहून ठेवणं नी दुप्पट दराने देणं. हे नसताना "बेस्ट एम्प्लॉयी"चा फोटो भिंतीवर लावणाऱ्यांचं मला कळत नाही.

बोनसचं पण तेच. ८.३३ टक्के हा कायद्याने ठरलेला किमान बोनस, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, साधारण एक महिना. तो तुम्ही चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी दिलात तर माटोळीचं (मूर्तीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान, पोरांचे कपडे होतात, घरात तुमचं नाव निघतं. पण तो त्यांचा हक्क आहे, उपकार म्हणून देऊ नका.

प्रश्न: मग कामावर पैसे लावले तर? जितकं जास्त तितके जास्त?

चालतं, पण काय मोजताय ते बघून. आमच्याकडे सोलणी किलोवर होती. किलो वाढले, नी मी दोन महिने खूश होते. मग ग्रेडिंगला लक्षात आलं की अख्खा गर कमी नी पाकळी, तुकडा वाढलाय. अख्ख्या गराच्या नी तुकड्याच्या भावात केवढा फरक असतो ते काजूवाल्यांना सांगायला नको. किलोला पैसे होते, तर बायका किलो करत होत्या, त्यांचं काय चुकलं?

मी अख्ख्याला वेगळा जास्त दर लावायचं ठरवलं, पण यावेळी आधी बसून विचारलं. जमिनीवर चटई टाकून सगळ्याजणींबरोबर बसले, कारण टेबलामागून विचारलं की उत्तर येत नाही. पाच मिनिटं कोणी बोलेना. मग सगळ्यात वयस्कर होती तिने दोन गर आणून माझ्या हातात ठेवले, म्हणाली साल काढून बघ. एकाची साल अंगठ्याने नुसतं चोळलं तशी सुटली. दुसऱ्याची चिकटून बसलेली, नखाने ओढली नी गर मधोमध फुटला. "हो वल्लो आसा," ती म्हणाली. ओला होता. ओव्हनमधला खालचा ट्रे नीट सुकतच नव्हता, नी हे त्यांना चार महिने माहीत होतं. का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, कोणी विचारलं नाही. ओव्हनवाल्याला त्यांनी सांगितलं होतं, तो म्हणाला हे तुमचं काम नाही.

ट्रे फिरवायची वेळ बदलली, दर पण बदलला, तुकडा कमी झाला. पण मला आजही वाटतं की दरापेक्षा त्या चटईने जास्त काम केलं.

व्हिक्टर व्रूम या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडलेलं इथे लागू पडतं. माणूस मनात तीन गोष्टी तोलतो, मी मेहनत केली तर काम जमेल का, जमलं तर जे कबूल केलंय ते मिळेल का, नी जे मिळेल त्याची मला किंमत आहे का. तिन्हीतली एक जरी शून्य असली तरी जोर लागत नाही. ओल्या गरावर तुम्ही कितीही दर लावा, पहिलंच शून्य आहे.

प्रश्न: चूक झाली तर बोलायचं कसं? काहीच बोललो नाही तर डोक्यावर बसतात.

बोलायचं तर आहेच. त्याच दिवशी, बाजूला घेऊन, नी झालेल्या कामाबद्दल. "तू असाच आहेस" नी "तुमची लोकं अशीच" ही दोन वाक्यं तोंडात येऊ द्यायची नाहीत, दुसरं तर अजिबात नाही.

वेर्ण्याच्या कंपनीत होते तेव्हाचं. सीलिंग मशीनवरच्या एका ऑपरेटरने तापमान कमी वाटतंय म्हणून लाइन थांबवली. तपासलं तर सगळं बरोबर निघालं. आमच्या वरच्या साहेबांनी अख्ख्या लाइनसमोर त्याला इतकं बोललं, त्याच्या शिकण्यावरून, गावावरून, की बाकीची मान खाली घालून हात चालवत राहिली. पंधरा दिवसांनी खरंच तापमान घसरलं. त्याला दिसत होतं. पाकिटाची कड बोटाने दाबली की हवा निघत होती. त्याने लाइन थांबवली नाही. अख्ख्या शिफ्टचा माल परत आला. चौकशीत तो गप्प उभा होता, नी मी त्याच्या बाजूला उभी होते, मलाही तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही, ते मला अजून लागतं.

थांबवणाऱ्याचं चुकलं तरी आधी "थांबवलंस ते बरं केलंस" म्हणायचं, नी मग कसं तपासायचं ते शिकवायचं. आमच्याकडे हा नियमच आहे.

मुद्दाम कामचुकारपणा, चोरी, दारू पिऊन मशीनवर येणं हा वेगळा विषय, तिथे नियम सगळ्यांना आधी माहीत हवा, लेखी हवा, नी सगळ्यांना सारखा हवा, तुमच्या मामेभावालासुद्धा.

प्रश्न: नी शाबासकी?

लगेच द्या नी नेमकी द्या. "छान काम करता हं सगळे" याला काही अर्थ नाही. "काल तू झाकण लावायच्या आधी मूठभर गर तपासलेस म्हणून चार टिन वाचले" याला आहे. बाकी टाळ्या-बिळ्या नकोत, काही बायकांना सगळ्यांसमोर नाव घेतलेलं आवडत नाही, त्यांना बाजूला सांगा.

प्रश्न: खरं सांगा, गोंयकार सुशेगाद असतात ना? काम नको असतं त्यांना.

हे बाहेरून आलेले मालकच नाही, आपलेच लोक विचारतात, नी मला वाईट वाटतं. मध्यरात्री उठून भट्टी पेटवणारा नी पहाटे सायकलवर भोंपू वाजवत फिरणारा पोदेर (पाववाला) गोंयकारच. पावसात गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या, पहाटे मासळी उतरवून डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठणाऱ्या बायका कोण आहेत? बोटीवर, म्हणजे जहाजावरच्या नोकरीत, आठ-नऊ महिने सुट्टीशिवाय राबणारी पोरं कुठली?

डग्लस मॅकग्रेगर या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकाने १९६० मध्ये दोन प्रकारचे मालक सांगितले. थिअरी एक्सवाल्याला वाटतं माणूस मुळात आळशी, त्याच्या मागे उभं राहायला हवं. थिअरी वायवाल्याला वाटतं काम माणसाला खेळाइतकंच स्वाभाविक आहे, परिस्थिती नीट असली तर तो जबाबदारी स्वतःहून घेतो. नी गंमत नाही, पण होतं असं की तुम्ही ज्या नजरेने बघता तसा माणूस तुमच्यासमोर वागायला लागतो. कॅमेरा लावून संडासला किती मिनिटं गेला मोजलंत तर तो तुम्हाला मिनिटंच देणार, डोकं देणार नाही.

दुपारच्या झोपेचं म्हणाल तर म्हापसा-मडगावची कितीतरी दुकानं एक ते साडेतीन-चार बंद असतात नी पिढ्यान् पिढ्या चाललीत. मे महिन्यात दीड वाजता ओव्हनसमोर बसून बघा. आम्ही सीझनला सकाळी सात ते साडेबारा नी मग अडीच ते साडेपाच असं केलं, दुपारच्या तासांतला तुकडा कमी झाला.

प्रश्न: चवथीला सगळेच सुट्टी मागतात. नाही म्हणू का?

नका म्हणू. चवथीला गोव्यातला माणूस गावच्या घरी जाणार म्हणजे जाणार, तुम्ही नाही म्हटलंत तर तो आजारी पडून जाणार, मग त्याला खोटं बोलायला लावल्यासारखं होतं. दीड महिना आधी एक मोठा कागद भिंतीवर लावा, तारखा लिहा, कमीत कमी किती माणसं हवी ते लिहा, नी बाकी त्यांनाच ठरवू दे. कोणाकडे दीड दिवसाचा गणपती, कोणाकडे पाच, ते आपापसात जुळवतात. आमच्याकडे कॅथलिक दोघी नी झारखंडची पोरं चवथीत युनिट सांभाळतात, नाताळात नी ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताला बाकीच्या त्यांची जागा घेतात, नी छठला पोरांना गावी जायला रेल्वेचं तिकीट मिळेल इतक्या आधी रजा सांगायची. हे मी बसवलं नाही, त्यांनीच बसवलं, मी फक्त कागद लावला.

प्रश्न: मास्लोचा त्रिकोण, हॉथॉर्नचे प्रयोग, हे शिकून काही फायदा आहे का?

थोडा. मास्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये गरजांची चढण सांगितली, आधी पोट, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान, मग स्वतःतलं जे आहे ते पूर्ण करणं. प्रत्यक्षात माणूस असा पायरी पायरीने चढत नाही, भुकेल्यालाही मान हवा असतो. हॉथॉर्न म्हणजे शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, तिथे १९२४ ते १९३२ प्रयोग झाले. उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी फारसं पडलं नाही, त्यावरून आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय याचाच परिणाम होतो असं म्हटलं गेलं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर बऱ्याच शंका काढल्या. तेव्हा लक्ष जरूर द्या, पण बल्ब पण लावा.

प्रश्न: सकाळची मीटिंग किती वेळ?

उभ्याने, दहा मिनिटं. काल काय अडलं हे आधी त्यांनी सांगायचं, आज काय हे मग तुम्ही. क्रम उलटा केला तर त्यांचं बोलायचं राहून जातं.

प्रश्न: बायका कामगारांच्या तक्रारी कोण ऐकणार?

१० किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती करणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, अध्यक्ष बाई हवी, बाहेरची एक सदस्य हवी. समितीची नावं भिंतीवर लावा, नी ती नावं कोणाची हे प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी तोंडी सांगा. यात चालढकल करू नका.

प्रश्न: शिकवून तयार केलेला माणूस बोटीवर नाहीतर लंडनला जातो. मग शिकवायचं कशाला?

जाणार. पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेलं कोणी ना कोणी आता प्रत्येक वाड्यावर आहे. तिथल्या पगाराशी आपण बरोबरी करू शकत नाही. पण जो राहणार आहे त्याला इथे पुढे काय आहे ते दिसलं पाहिजे, पाच वर्षं तोच माणूस तेच टेबल असेल तर तो मनाने आधीच गेलेला असतो. आमच्याकडे ओव्हनवाल्याला ग्रेडिंग नी ग्रेडिंगवाल्याला डिस्पॅच शिकवतो, शिकलं की दर वाढतो, हे लिहून लावलंय.

नी जाणाऱ्याशी भांडू नका. "एवढं केलं तुझ्यासाठी" हे म्हणू नका. शेवटच्या आठवड्यात त्याला चहा पाजून विचारा, इथे काय त्रास होता, आता तुला घाबरायचं काही कारण नाही, सांग. जे रोजचा माणूस सांगणार नाही ते तो सांगतो. आमच्या डिस्पॅचचा मुलगा गेल्या वर्षी यूकेला गेला, जाताना म्हणाला, मॅडम, तुम्ही गोडाऊनमध्ये येता तेव्हा फोनवर बोलत येता, मग आम्ही सांगायचं ते राहून जातं. आता मी गोडाऊनच्या दाराशी एक खिळा मारून घेतलाय, फोन पिशवीत घालून तिथे अडकवते नी मग आत जाते.